खिशातला आरसा

घराघरांत आरसा असतो. पूर्वी तो बहुधा एकच असे. भिंतीवर खिळ्याला अडकवलेला, कडेला पारा उडालेला. सकाळी वेणीफणी, कुंकू, दाढी एवढ्यापुरते त्याचे काम असे; ते उरकले की माणूस त्याच्याकडे पाठ फिरवून आपल्या उद्योगाला लागे. आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात वा पर्समध्ये एक आरसा आहे. त्यात आपल्या रूपाबरोबरच शेकडो अनोळखी माणसांची रूपे दिसतात, त्यांच्या शेजारी आपले रूप मांडले जाते, आणि खाली ते किती जणांना आवडले याचा आकडा पडतो. मोबाईल नावाच्या या आरशाने आपल्या पिढीला स्वतःच्या शरीराकडे कसे पाहायला शिकवले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मानसशास्त्रात 'शरीरप्रतिमा' असा एक शब्द आहे. आपले शरीर प्रत्यक्षात कसे आहे ही एक गोष्ट, आणि ते कसे आहे असे आपल्याला वाटते ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला शरीरप्रतिमा म्हणतात. काट्यावर पंचेचाळीस किलो भरणारी मुलगी स्वतःला जाड समजू शकते, आणि चांगला धडधाकट मुलगा स्वतःला काडीपैलवान समजून बाह्या खाली ओढत फिरू शकतो. दोघांच्याही शरीरात काही बिघडलेले नसते. बिघडते ते मनातले चित्र.

विषय पुस्तकी वाटू नये म्हणून आसपास पाहू. मी वसतिगृहात राहते. आमच्याकडे मेसमध्ये रात्री भात न घेणाऱ्या मुलींची संख्या वाढली आहे. कारण विचारले तर 'भूक नाही' असे उत्तर येते, आणि दहा वाजता त्याच मुली बिस्किटाचा पुडा फोडतात. आमच्या विभागाचे सामूहिक छायाचित्र काढायचे ठरले तेव्हा एक हुशार मैत्रीण त्या दिवशी आलीच नाही. आपण काळ्या दिसू, आणि ते चित्र सर्वांच्या मोबाईलवर फिरेल, ही तिची भीती. वर्गातला एक मित्र खोलीभाडे थकले असताना प्रथिनांच्या पावडरीचा डबा उधारीवर आणतो. यांना नखरेल किंवा छचोर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ही सारी कष्टाळू, घरची जाणीव ठेवणारी मुले आहेत. मग त्यांच्या मनात हे आले कोठून?

सगळा दोष मोबाईलच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. गोऱ्या रंगाचे वेड आपल्याकडे जुने आहे. 'मुलगी गोरी, सडपातळ हवी' ही वधुवरसूचक जाहिरातींतली अट संगणक येण्याच्या कितीतरी आधीची. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला उभे करून, चालवून, बोलवून पाहणारे लोक कोणत्याही समाजमाध्यमावर नव्हते. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे स्वस्तात घराघरांत पोचवली, तेव्हापासून देवीचा चेहरा कसा असावा याचेही एक ठरीव माप लोकांच्या मनात बसले. पुढे कॅलेंडरे आली, सिनेमा आला. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' हे मलम बाजारात आले आणि 'गोरी ती यशस्वी' हे समीकरण जाहिरातींनी वर्षानुवर्षे घोटून घेतले. २०२० साली त्या मलमाच्या नावातला 'फेअर' हा शब्द गळला आणि ते 'ग्लो अँड लव्हली' झाले. पण शब्द गळला म्हणून समजूत गळते असे नाही.

गंमत अशी की आपल्याच भूमीची साक्ष याच्या उलट आहे. येथून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. तेथील पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणि बोधिसत्त्वाच्या विख्यात चित्राजवळच एक कृष्णवर्णी राजकन्या रंगवलेली आहे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला सावळ्या रंगाची लाज वाटली नाही. गोरे, गव्हाळ, सावळे असे सारे वर्ण त्याने एकाच दरबारात शेजारी शेजारी बसवले. आणि ज्याच्या दर्शनासाठी लाखो माणसे आषाढात पायी पंढरपूर गाठतात, तो आपला विठ्ठल तर सावळाच. देव सावळा चालतो, मग सून का चालू नये, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा.

चित्रे माणसाच्या मनावर इतका परिणाम करू शकतात का, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर फिजी बेटांवरच्या एका अभ्यासात मिळते. फिजीमध्ये भरलेल्या, दणकट अंगाला मान होता. पाहुण्याला पोटभर जेवू घालणे आणि अंगाने भरणे हे सुखवस्तूपणाचे लक्षण समजले जाई. तेथील नाद्रोगा भागात १९९५ साली दूरदर्शन संच पोचले. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने ते पोचताच शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ साली पुन्हा केली. खाण्यापिण्याविषयी विकृत वृत्ती दर्शवणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनंतर ते प्रमाण ११.३ टक्के झाले. पाहणी लहान होती, प्रत्येक वेळी साठ-पासष्ट मुलींची. तरीही पिढ्यान्‌पिढ्यांचा आदर्श परक्या मालिकांनी किती लवकर हलवला हे त्यातून दिसते.

तो परिणाम एका घरगुती खोक्याचा होता. मोबाईल त्याच्या पुढे चार पावले गेला आहे, आणि ती चार पावले नीट समजून घेतली पाहिजेत.

पहिले पाऊल असे. सिनेमातली नटी ही नटी आहे, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. त्याचे सार असे की, माणूस स्वतःची किंमत इतरांशी ताडून पाहतो, आणि त्यातही आपल्यासारख्याच माणसांशी. शेतमजूर स्वतःची तुलना टाटांशी करीत नाही. शेजारच्या बांधावरल्या माणसाशी करतो. समाजमाध्यमावर दिसणारी मुलगी आपल्याच वयाची, जालन्याची किंवा परभणीची, कदाचित आपल्याच वर्गातली असते. 'ती अशी दिसू शकते, मग मी का नाही?' हा काटा नटीला पाहून रुतला नसता.

दुसरे पाऊल म्हणजे, दिसते ते खरे नसते. कॅमेऱ्यात 'फिल्टर' असतात. ते त्वचा गुळगुळीत करतात, डोळे मोठे करतात, हनुवटी निमुळती करतात. २०२५ च्या जानेवारीत मेटा कंपनीने बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर आपल्या माध्यमांवरून काढून टाकले. पण कंपनीचे स्वतःचे फिल्टर राहिले, आणि चेहरा गोरा-नितळ करण्याची सोय अनेक मोबाईलच्या कॅमेऱ्यातच असते. म्हणजे आता तुलना दुसऱ्याशी उरली नाही. स्वतःच्याच खोट्या चेहऱ्याशी खऱ्या चेहऱ्याची तुलना सुरू झाली. फिल्टर नसला तरी कॅमेरा प्रामाणिक असतोच असे नाही. वस्तू भिंगाच्या जितकी जवळ तितकी ती फुगून दिसते. अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१८ साली गणित मांडून दाखवले की, एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया पाच फुटांवरून काढलेल्या चित्रापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. 'माझे नाक फेंदारलेले आहे' म्हणून झुरणाऱ्या किती मुलामुलींना हे ठाऊक असेल? नाक जागच्या जागी आहे. हातच आखूड आहे!

तिसरे पाऊल आकड्याचे. फेसबुकवर 'लाईक'चे बटण २००९ साली आले. त्याआधीही लोक एकमेकांच्या रूपाबद्दल बोलत, पण ते बोलणे हवेत विरून जाई. आता ते मोजले जाते, नोंदले जाते आणि चारचौघांना दिसते. मराठीच्या पेपरात ४२ गुण मिळाले तर पुढच्या खेपेला अभ्यास करता येतो. चेहऱ्याला ४२ लाईक मिळाले तर पुढच्या खेपेला काय करायचे?

चौथे पाऊल सर्वांत सूक्ष्म आहे. वर्तमानपत्र सर्वांसाठी एकच छापले जाते. मोबाईलवर मात्र प्रत्येकासमोर वेगळे ताट वाढले जाते, आणि वाढणारे यंत्र आपण कोणत्या चित्रावर किती वेळ रेंगाळलो हे मोजत असते. पोट कमी करण्याचा एक व्यायाम कुतूहलाने पाहिला की त्यापाठोपाठ दहा तसलेच येतात. यंत्राला आपल्याशी वैर नाही आणि प्रेमही नाही. आपली नजर तेथे खिळून राहावी एवढेच त्याला कळते. दुखऱ्या दातावर जीभ पुन्हा पुन्हा जाते, तशी आपली नजर आपल्या न्यूनगंडाकडे वळते, आणि यंत्र तीच वाट रुंद करीत जाते.

हे सारे आपल्याकडे फार थोड्या वर्षांत घडले. इन्स्टाग्राम २०१० साली निघाले. परंतु मराठवाड्यातल्या खेड्यापर्यंत चलत्‌चित्रे पोचली ती २०१६ साली जिओ आल्यानंतर, इंटरनेट स्वस्त झाले तेव्हा. २०२० च्या जूनमध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामची 'रील' भारतात सुरू झाली. त्याच वर्षी शाळा-महाविद्यालयेही बंद होती. आज जे पदवीच्या वर्गात आहेत, त्यांचे वयात येण्याचे दिवस नेमके या काळात गेले.

कंपन्यांना याची कल्पना नव्हती असेही नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकन दैनिकाने फेसबुकचे अंतर्गत कागद उजेडात आणले. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी वाईट वाटत होते, त्यांतील ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते असे सांगितल्याची नोंद त्यात होती. कागदांचा विपर्यास झाला, अनेक मुलींना या माध्यमाचा आधारही वाटतो, असे कंपनीचे म्हणणे पडले. ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही. पांढरे डाग असलेली, स्थूल किंवा अपंग माणसे ज्यांना पडद्यावर कधी जागा मिळाली नाही, ती आज स्वतःच्या तोंडाने बोलत आहेत, ही याच माध्यमाची देणगी आहे. परंतु औषधाचा गुण आला म्हणून त्याच्या मात्रेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मात्रेविषयी कॅनडातला एक प्रयोग बोलका आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात १७ ते २५ वयाच्या, चिंता वा खिन्नतेची लक्षणे असलेल्या २२० विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना तीन आठवडे मोबाईलवरील समाजमाध्यमांचा वापर दिवसाला एका तासावर आणायला सांगितले. त्यांचे स्वतःच्या रूपाविषयीचे आणि वजनाविषयीचे मत इतरांच्या तुलनेत सुधारले. रूप तेच, वजनही तेच. बदलली ती नजर.

नजरेचा हा खेळ समजायला आपल्याच शहरात एक उत्तम उदाहरण उभे आहे. बीबी का मकबरा पाहायला बाहेरगावचा पाहुणा आला की फाटकातून आत शिरताच तो म्हणतो, 'ताजमहालासारखाच आहे, पण तेवढा नाही.' औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. संगमरवर घुमटाला आणि खालच्या भागाला, बाकी काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. त्या गिलाव्यावरची नाजूक वेलबुट्टी, आतल्या कबरीभोवतीची कोरीव जाळी, मागे उभे असलेले डोंगर हे सारे पाहायला वेळ कोणाला आहे? 'गरिबांचा ताज' म्हटले की पाहणे संपते. इमारतीला ऐकू येत नाही, म्हणून ती खचली नाही. आपल्याला ऐकू येते.

या ऐकण्याची किंमत दोन ठिकाणी चुकवावी लागते. एक शरीराला. गोरेपणाच्या मलमांत काही वेळा पारा असतो. तो त्वचेतला रंगद्रव्य बनण्याचा व्यापार रोखतो, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. अकोल्यातील एकाच घरातल्या तीन स्त्रियांची मूत्रपिंडे अशा मलमामुळे बिघडल्याची आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचा छडा लागल्याची हकीगत २०२३ साली वर्तमानपत्रांत आली होती. केरळातील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाचा एक विशिष्ट विकार झालेले २२ रुग्ण तपासले. त्यांतील १५ जणांत त्याचा एरवी विरळ आढळणारा प्रकार निघाला, आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे मलम लावीत होते. पाऱ्याखेरीज स्टिरॉइडची मलमे आहेत. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला, तरी मैत्रिणीने सांगितले म्हणून ती लावणाऱ्या मुली मला माहीत आहेत. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल होते, उन्हात चुरचुरते, आणि मलम सोडले की मुरुमांचे पीक येते.

उपासमारीचेही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या मुलींच्या रक्तातच लोह कमी, त्या मुली परदेशी मुलीच्या कमरेकडे पाहून ताटातली भाकरी मागे सारतात. आपल्या आयांनी उसाच्या फडात आणि कापसाच्या शेतात राबून आपल्याला येथवर शिकायला धाडले. त्यांच्या रंगात उन्हाचा हिशेब आहे. त्या रंगाची आपल्याला लाज वाटावी, आणि त्यांनी पाठवलेल्या पैशातून तो पुसण्याचे मलम आणावे, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

दुसरी किंमत मनाला, अधिक नेमके सांगायचे तर लक्षाला चुकवावी लागते. १९९८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एकेकटे एका खोलीत पाठवून काहींना पोहण्याचा पोशाख व काहींना स्वेटर घालायला दिला, आरशात पाहायला सांगितले, आणि त्याच कपड्यांत गणिते सोडवायला दिली. खोलीत दुसरे कोणी नव्हते. तरीही पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणिते स्वेटरवाल्या मुलींपेक्षा अधिक चुकली. मुलांच्या बाबतीत तसा फरक पडला नाही. आपण कसे दिसतो याचा पहारा मन सतत करीत राहिले, तर इतर कामाला ते कमी पडते, असा याचा अर्थ संशोधकांनी लावला. वर्गात मोबाईल बंद असला तरी हा पहारा चालूच असतो. जी मुलगी छायाचित्राच्या भीतीने आली नाही, ती उद्या चर्चासत्रात उभी राहून बोलायचेही टाळील, ही मला खरी काळजी वाटते.

मुलांचे दुखणे निराळ्या जातीचे. त्यांना बारीक व्हायचे नसते, फुगायचे असते. तालमीचा वारसा असलेल्या महाराष्ट्रात व्यायामाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तालमीत शरीर कमावले जाई ते कुस्तीसाठी, आरशासाठी नव्हे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ५७ किलोच्या गटात उतरले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. आपल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज मैलोन्‌मैल तुडवीत असे. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक त्याने आणले. शिडशिडीत अंगाचा हा धावपटू दंड फुगवून उभा राहिला असता तर रीलवर किती जण थांबले असते कोण जाणे! त्याचे पाय काय करू शकतात हे जगाने घड्याळावर पाहिले.

मला जे सांगायचे आहे ते याच ठिकाणी येते. मोबाईलने सुंदर माणसे दाखवली ही त्याची मोठी आगळीक नव्हे. शरीर हे काम करण्याचे, चालण्याचे, गाण्याचे, कोणाला धीर देऊन पाठीवर हात ठेवण्याचे साधन आहे. त्याचे त्याने चित्र करून टाकले, आणि चित्राला परीक्षक नेमून दिला. साधनाची पारख उपयोगाने होते, चित्राची दिसण्याने. आपण स्वतःकडे साधन म्हणून पाहू लागलो की अर्धा गुंता सुटतो.

उरलेला अर्धा सोडवायला थोडे प्रयत्न लागतील. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला कविता वाचताना कवी कोण, काळ कोणता, शब्द का निवडला, हे विचारायची सवय असते. तेच प्रश्न रीलला विचारावेत. हे कोणी काढले, काय विकायचे आहे, किती वेळा काढून यातले एक ठेवले? जे पाहून मन खट्टू होते ते पाहणे सोडावे. यंत्रालाही हळूहळू समजते. 'किती सुकलीस', 'केवढी सुटलीस', 'उन्हात काळा पडलास' ही आपली रोजची विचारपूस बंद करावी, कारण लाईकच्या बटणाआधी हे बटण आपणच शोधले होते. प्राध्यापकांनाही नम्र विनंती आहे. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन कोणी करायचे, पाहुण्यांच्या स्वागताला कोणी उभे राहायचे, हे ठरवताना रंग-रूप पाहिले जाते का, याकडे त्यांनी लक्ष द्यावे. आणि जेवण तुटेपर्यंत किंवा घराबाहेर पडणे नकोसे होईपर्यंत मजल गेली असेल, तर तो नखरा न समजता दुखणे समजावे. शासकीय रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, सर्वांसाठी उघडी आहे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

मोबाईल फेकून द्या असे मी म्हणत नाही. तो आपल्या अभ्यासाचा आणि घराशी बोलण्याचा आधार आहे. या वार्षिकांकातही आपली छायाचित्रे छापली जातील. ती पाहताना प्रथम स्वतःचे नाक न शोधता, त्या दिवशी शेजारी कोण उभे होते आणि आपण कशाला हसत होतो हे ज्यांना आठवेल, त्यांच्यापुरता तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.